न नाचलेला वाघ

मी एक जुना मुखवटा आहे. मित्रांनो, हे वाक्य माझं नाही. एका व्यापाऱ्यानं ते इंग्रजीत टाइप करून, त्याचं कार्ड माझ्या पाठीला दोऱ्यानं बांधलं होतं. त्या वेळी मी अवघ्या सहा वर्षांचा होतो. आज मात्र मी खरोखरच जुना झालो आहे, म्हणून माझी खरी हकीकत तुम्हाला सांगावीशी वाटते.

माझा जन्म मेक्सिकोच्या दक्षिणेकडच्या डोंगरांत, गेरेरो प्रांतातल्या एका लहानशा खेड्यात झाला. तिथे एक झाड होतं. तुमच्याकडच्या पांगाऱ्याच्या नात्यातलं ते झाड, तशाच लाल फुलांचं आणि तशाच हलक्या लाकडाचं. त्या झाडाच्या एका ओंडक्यातून तोमास नावाच्या म्हाताऱ्या कारागिरानं मला सहा दिवसांत कोरून काढलं. मी वाघाचा मुखवटा आहे. खरं तर तो प्राणी जॅग्वार, पण तिथली माणसं त्याला वाघच म्हणतात. माझ्या मिश्या रानडुकराच्या राठ केसांच्या आहेत, आणि डोळ्यांच्या जागी आरशाचे दोन गोल तुकडे बसवले आहेत.

त्या गावात पाऊस येण्याआधी वाघाचा नाच होत असे. एक जण वाघ होई, बाकीचे शिकारी होत आणि सगळा गाव त्यांच्यामागे ओरडत धावे. मला कोरताना तोमासबाबा त्या नाचाचा ताल तोंडानं धरत. साहजिकच मला वाटलं, की मीही एक दिवस असाच नाचणार.

पण माझं भाग्य वेगळं होतं. शहरातून एक व्यापारी जीप घेऊन त्या गावात येत असे. गावातले जुने, नाचून नाचून झिजलेले मुखवटे त्यानं एकेक करून नेले होते. तोमासबाबांच्या वडिलांचा वाघही त्यातच गेला. जुने संपले तरी तो यायचा थांबला नाही. म्हणायचा, "अमेरिकेतल्या लोकांना नवं नको. जुनंच आणा."

गावात जुनं काही उरलंच नव्हतं. मग जुनं तयार करावं लागलं. मला डुकरांच्या खोपटामागच्या ओल्या मातीत तीन आठवडे पुरून ठेवलं. नंतर चुलीवर टांगून धुरी दिली. कपाळ आणि नाक टेकतं त्या आतल्या जागी चरबीत काजळी कालवून चोळली, म्हणजे बघणाऱ्याला घामाचे डाग वाटावेत. शेवटी माझा डावा कान तोडला आणि तारेनं पुन्हा बांधला. कान तोडताना तोमासबाबा क्षणभर थांबले. त्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवला आणि मग हातोडी मारली.

सहा वर्षं मी त्या व्यापाऱ्याच्या गोदामात पडून होतो. एकोणीसशे ब्याऐंशीच्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, ॲन आर्बर गावाबाहेरच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात, एका टेबलावर मला मांडण्यात आलं. तिथे ज्ञानदेव वासनिक नावाचे एक गृहस्थ माझ्यासमोर येऊन थांबले. ते नागपूरचे, विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत मातीवर संशोधन करणारे. त्यांनी मला उचललं, वजन पाहिलं, नाकाशी नेऊन वास घेतला आणि बायकोला म्हणाले, "संध्या, हे आपल्या पांगाऱ्यासारखं लाकूड आहे गं!"

संध्याकाकू हसल्या. "घरी चार मुखवटे आहेत. पाचवा कुठे लावायचा?"

"जागा करू ना."

टेबलामागच्या व्यापाऱ्यानं त्यांना सांगितलं, की एकाच घरातल्या तीन पिढ्या मला घालून नाचल्या. शेवटचा नाचणारा वारला, तेव्हा त्याच्या विधवेनं रडत मला दिलं. मी ते ऐकत होतो. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, की मी एक पाऊलसुद्धा नाचलेलो नाही. पण मुखवट्याला तोंड असलं तरी जीभ नसते.

वासनिकांच्या दिवाणखान्यात एका भिंतीवर बुद्धमूर्तीचा कोनाडा आणि बाबासाहेबांची तसबीर होती. समोरच्या भिंतीवर आम्ही. एक सुरकुतलेला म्हातारा, एक शिंगवाला सैतान, एक हरीण, एक लाल दाढीचा सरदार, आणि मधोमध मी. दर रविवारी सकाळी ज्ञानदेवकाका मऊ ब्रशनं आमच्यावरची धूळ झाडत आणि झाडताना आमच्याशी नागपुरी बोलत. त्यांची मुलगी सुमेधा त्या वेळी अकरा वर्षांची होती. तिचा जन्म ॲन आर्बरचाच. तिला आम्हाला हात लावायची सक्त मनाई होती. ती खुर्चीवर गुडघे टेकून माझ्याकडे टक लावून पाही आणि माझ्या आरशाच्या डोळ्यांत स्वतःला वाकुल्या दाखवी.

घरी पाहुणे आले, की काका सगळ्यांना माझ्यापुढे उभं करत. तीन पिढ्यांची गोष्ट रंगवून सांगत. "हे डाग बघा. घामाचे आहेत. ह्या माणसांनी आयुष्य ओतलंय ह्यात." पाहुणे हळहळत, फोटो काढत. दर वेळी गोष्टीत थोडी भर पडे. काका खोटं बोलत नव्हते, मित्रांनो. त्यांचा माझ्यावर विश्वास होता. म्हणूनच मला जास्त लाज वाटे. तरीही कबूल करतो, की ती दोन वर्षं माझ्या सुखाची होती. बाहेर बर्फ पडत असे, घरात भाकरी भाजल्याचा वास दरवळे, आणि माझ्याकडे कुणीतरी रोज प्रेमानं पाही.

चौऱ्याऐंशी सालच्या वसंतात संध्याकाकूंनी, त्या काम करत त्या लायब्ररीत, आमचं छोटं प्रदर्शन भरवलं. काकांनी त्या दिवशी कोट घातला होता. पुष्कळ मराठी मंडळीही आली होती. त्यांत पुण्याचे विनय म्हणून एक मित्र होते, बोलायला मोकळे आणि जरा मोठ्या आवाजाचे. तिथेच हेलन नावाच्या एक वयस्क बाई आल्या. त्यांनी वीस वर्षं मेक्सिकोत शिक्षिकेचं काम केलं होतं. त्या माझ्यापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "मी हा आतून पाहू का?"

काकांनी मोठ्या अभिमानानं मला त्यांच्या हातात दिलं. बाईंनी दोरी ओवायच्या भोकांवरून बोट फिरवलं. मग मला स्वतःच्या चेहऱ्यापुढे धरलं आणि लगेच खाली घेतलं.

"मिस्टर वासनिक, भोकांच्या कडा अजून करकरीत आहेत. इथे दोरी कधी घासलेलीच नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आणि ह्या बघायच्या फटी. एक गालावर येते, दुसरी भुवईवर. हा घालून माणसाला काही दिसणारच नाही. मग तो नाचणार कसा?"

"पण घामाचे डाग..."

"काजळी आहे ती. मला माफ करा. काम सुंदर आहे, पण हा विकण्यासाठी केलेला आहे."

त्या खरोखर हळू बोलल्या होत्या. पण विनयकाका शेजारीच उभे होते. ते मोठ्यानं हसून म्हणाले, "म्हणजे आपला वाघ डुप्लिकेट निघाला की यार!"

सगळा हॉल हसला. त्यात वाईट हेतू नव्हता. पण ज्ञानदेवकाकांचा चेहरा मी पाहिला. लाकडाचा मी होतो, आणि लाकूड तो चेहरा झाला होता.

काकांनी त्याच संध्याकाळी आम्हाला घरी आणलं, पण भिंतीवर पुन्हा लावलं नाही. बाकीचे चौघे कापडात गुंडाळून खोक्यांत गेले. मला मात्र त्यांनी तळघरात नेलं आणि हीटरच्या भट्टीशेजारच्या फळीवर उपडं टाकलं. पुढे कुठेही पार्टीला गेलं, की कुणीतरी हटकून विचारी, "वासनिकसाहेब, वाघ काय म्हणतो?" हळूहळू काकांनी पार्ट्यांना जाणंच सोडलं. हे मला वरून ऐकू येणाऱ्या बोलण्यावरून कळे.

तो हिवाळा फार कठीण गेला. भट्टी दिवसरात्र धडधडत असे. तिच्या कोरड्या आचेनं माझ्या अंगातला सगळा ओलावा शोषून घेतला. जानेवारीत एके दिवशी कपाळापासून नाकापर्यंत मला तडा गेला. आवाज मोठा झाला होता. वरून कोणीही आलं नाही.

पंच्याऐंशीच्या जून महिन्यात एका दुपारी आभाळ हिरवट झालं आणि गावाचा वादळाचा भोंगा वाजू लागला. तिकडे टोर्नेडोचा, म्हणजे घरं उडवून नेणाऱ्या वावटळीचा इशारा मिळाला, की सगळे तळघरात जातात. संध्याकाकू आणि सुमेधा धावत खाली आल्या. काका लॅबमध्ये होते. सुमेधा आता चौदा वर्षांची झाली होती. रेडिओ ऐकत ती इकडेतिकडे फिरत होती, तेवढ्यात तिला मी दिसलो.

तिनं मला उचललं. मित्रांनो, त्या मुलीचा हात मला पहिल्यांदाच लागला होता. तिनं मला उलटं केलं. भट्टीच्या आचेनं आतली काजळी वाळून पापुद्रे सुटले होते. तिनं अंगठ्यानं ते खरवडले.

"आई, लुक! इथे कोणाचं तरी नाव आहे!"

काकू टॉर्च घेऊन आल्या. काजळीच्या खाली, लाकडात चाकूनं कोरलेली वेडीवाकडी अक्षरं होती. तोमास रेंदोन. त्याखाली गावाचं नाव, आणि त्याखाली साल, एकोणीसशे शहात्तर.

हे मलाही ठाऊक नव्हतं. स्वतःच्या आतलं कुणाला दिसतं? काजळी फासण्याआधी तोमासबाबांनी आपलं नाव माझ्या आत लपवून ठेवलं होतं.

वादळ गावाबाहेरून निघून गेलं. सुमेधानं मला वर, आपल्या खोलीत नेलं. संध्याकाळी काका आले आणि त्यांनी मला तिच्या टेबलावर पाहिलं.

"हे वर कशाला आणलंस?"

"बाबा, त्याचं नाव सापडलंय. मी त्याला लेटर लिहिणार आहे. मला स्पॅनिश येतं आता."

"ज्या माणसानं आपल्याला फसवलं, त्याला पत्र?" काकांचा आवाज चढला.

"बाबा, ही डिडन्ट लाय टू यू. खोटं त्या डीलरनं सांगितलं. ह्यानं तर आपलं नाव लिहिलंय. फसवणारा माणूस नाव कशाला लिहील?"

काका खोलीबाहेर निघून गेले. सुमेधानं शाळेतल्या स्पॅनिशच्या बाईंची मदत घेऊन पत्र लिहिलं. पाकिटावर घातलं फक्त नाव, गाव आणि प्रांत. संध्याकाकूंनी तिकिटं लावली आणि ते पोस्टात टाकलं. जुलै गेला, ऑगस्ट गेला. सुमेधा बाहेरून आली की आधी पत्रपेटी उघडून पाही. मीही खिडकीतून तिची वाट बघत असे. तिचे रिकामे हात मला लांबूनच दिसत.

सप्टेंबरच्या शेवटी उत्तर आलं. तोमासबाबांना आपल्या नावापलीकडे लिहिता येत नव्हतं. ते सांगत गेले होते आणि त्यांची मुलगी लुसिया लिहीत गेली होती. रात्रीचं जेवण व्हायचं होतं. सुमेधानं मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं, आई-वडिलांना बसवलं आणि अडखळत, मराठी-इंग्रजी मिसळत पत्र वाचून दाखवलं.

"'प्रिय सुमेधा, मी बरेच मुखवटे केले आणि ते सगळे उत्तरेकडे गेले. कोणी परत काही कळवलं नाही. विचारणारी तू पहिली. व्यापारी म्हणत असे, की नाव असलं तर मुखवटा नवा ठरतो. म्हणून नाव झाकावं लागलं. वाघाचा कान मी तोडला, त्याची मला अजून आठवण येते. बघायच्या फटी मी अंदाजानं पाडल्या, कारण आतून कोणी बघणार नाही हे मला माहीत होतं. कुठल्याही कारागिरानं आंधळा वाघ करू नये. तो भिंतीवर असेल तर उन्हापासून आणि शेकोटीपासून लांब ठेव. तडा गेला तर लाकडाचा भुसा सरसात कालवून भर. आमच्याकडे आता वाघ नाही, आणि नाचणारी मुलं कामाला बाहेरगावी गेली. तुमच्याकडे कोणी त्याला घालून नाचलं का?'"

सुमेधानं कागद खाली ठेवला. संध्याकाकूंनी डोळ्यांना पदर लावला. काका माझ्या तड्याकडे बघत होते. मग ते बोलू लागले. मुलीला ही गोष्ट ते पहिल्यांदाच सांगत होते.

"तुझे आजोबा नागपूरला एका खेळण्यांच्या दुकानात लाकडी बैल कोरायचे. तान्ह्या पोळ्याला मुलं तसे बैल सजवून नेतात ना, ते. बैलाच्या पोटाखाली दुकानाचा शिक्का असायचा. एका वर्षी त्यांनी केलेल्या बैलाला पहिलं बक्षीस मिळालं. स्टेजवर हार पडला दुकानदाराच्या गळ्यात. आम्ही गर्दीत मागे उभे. मी बाबांच्या खांद्यावर होतो. ते मला म्हणाले, 'त्या बैलाच्या मानेची वळी पाय. ते माह्या हातची हाये.'"

"मग तुम्ही कोणाला सांगितलं नाही?" सुमेधानं विचारलं.

"मी सात वर्षांचा होतो. नंतर मोठा झालो, तरीही सांगितलं नाही." काकांनी मला जवळ ओढलं. "आणि ह्या बिचाऱ्याला मी भट्टीजवळ टाकलं."

पुढच्या शनिवारी बापलेक अंगणात बसले. काकांनी भुसा आणि सरस कालवून माझा तडा भरला. रंग लावून तो लपवला मात्र नाही. मग त्यांनी मला स्वतःच्या चेहऱ्याला लावून पाहिलं, पेन्सिलीनं दोन खुणा केल्या आणि धारदार पटाशी घेतली.

सुमेधा घाबरली. "बाबा, आर यू शुअर? मग हा कलेक्शनमध्ये चालणार नाही."

"कलेक्शन खोक्यात आहे," काका म्हणाले. "ह्याला दिसलं पाहिजे."

लाकडाला पटाशी लागते तेव्हा दुखतं, मित्रांनो. पण त्या दिवशीच्या दुखण्यात मला सुख होतं. नव्या फटी पडल्या आणि त्यांतून प्रथमच माझ्या आतून माणसाचे डोळे बाहेर बघू लागले. काकांनी दोरी ओवली आणि मला बांधलं. त्यांचा श्वास गरम होता. खराखुरा घाम माझ्या कपाळाला लागला. मेपलची तांबडी पानं अंगणात पसरली होती. त्या पानांवर त्रेचाळीस वर्षांचे, चष्मा खिशात ठेवलेले ज्ञानदेव वासनिक नाचू लागले. मेक्सिकोचा नाच त्यांना कुठला येणार? लहानपणी मामाच्या गावी दंडारीच्या लोकनाट्यात पाहिलेली पावलं ते टाकत होते. संध्याकाकू दारात उभ्या राहून इतक्या हसल्या, की त्यांना बसावं लागलं. सुमेधानं फोटो काढले. ती नंतर म्हणाली, की तिनं वडिलांना त्याआधी कधी नाचताना पाहिलंच नव्हतं.

त्यातला एक फोटो मेक्सिकोला गेला. वसंतात उत्तर आलं. लुसियानं लिहिलं होतं, "बाबा फोटो बघून खूप हसले. गावभर दाखवून आले. पण त्यांचं म्हणणं आहे, की तुमचा वाघ चुकीचा नाचतो. वाघ ताठ उभा राहत नाही. गुडघे वाकवा. डावा खांदा पुढे. तीन पावलं दबकत, मग एक उडी. शेपूट हातात धरा, नाहीतर शिकाऱ्यांची कुत्री धरतील." खाली तोमासबाबांनी स्वतः काढलेली पावलांची चित्रं होती. थरथरत्या हातानं काढलेली ती चित्रं काकांनी फ्रिजवर लावली आणि स्वयंपाकघरात उभं राहून ते ती पावलं शिकले.

त्या एप्रिलमध्ये डॉ. बाबासाहेबांच्या जयंतीला मराठी मंडळी जमली, तेव्हा काकांनी मला सोबत नेलं. सगळ्यांपुढे उभं राहून त्यांनी सांगितलं, की हा मुखवटा प्राचीन नाही, तोमास रेंदोन यांनी शहात्तर साली केलेला आहे, आणि लाकडी बैल कोरणाऱ्या आपल्या वडिलांचं नावही आज इथे घ्यायचं आहे. ते नाव होतं सोनबाजी वासनिक. विनयकाका पुढे आले. "ज्ञानदेव, मी त्या दिवशी उगाच बोललो यार," ते म्हणाले. मग त्यांनीच ढोलकी घेतली, आणि मी नाचलो.

सत्याऐंशीच्या फेब्रुवारीत लुसियाचं छोटंसं पत्र आलं. तोमासबाबा गेले होते. झोपेत, शांतपणे. शेवटच्या आठवड्यातही ते विचारत होते, की मिशिगनचा वाघ आता वाकून चालतो का.

दुपारची वेळ होती. बाहेर गुडघाभर बर्फ होतं. काकांनी पत्र दोनदा वाचलं. मग मला बांधलं, बूट चढवले आणि अंगणात गेले. सुमेधा मागोमाग आली आणि टाळ्यांनी ताल धरू लागली. समोरचा शेजारी फावड्यानं बर्फ काढत होता, तो थांबून पाहू लागला. काकांनी गुडघे वाकवले. डावा खांदा पुढे केला. तीन पावलं दबकत गेले आणि मग उडी मारली. फटींच्या आत त्यांचे डोळे वाहत होते आणि ते पाणी माझ्या लाकडात मुरत होतं. सबंध अंगणाला त्यांनी एक फेरी घातली.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणाच्या तरी हातची एखादी वस्तू असेल. तिला ऊन, ओल आणि आच यांपासून जपा. पण तेवढ्यावर थांबू नका. ती करणारा माणूस कुठे आहे, त्याचं नाव काय, याचा शोध घ्या, आणि सापडला तर त्याला पत्र लिहा. सुमेधाचं पत्र वेळेवर पोहोचलं. आणखी दोन वर्षं ती थांबली असती, तर गुडघे वाकवायला आम्हाला कोणी शिकवलं असतं?